स्वस्तातली गिटार, पण हाताला बसलेली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटार स्वस्तातली आहे, पण हातात घेतली की खाली ठेववत नाही. वाजवायला सोपी जाते एवढ्या कारणावर ती ठेवणं बरोबर आहे का?

हो, अगदी बरोबर आहे. हे कारण लहान नाही. ज्यांनी गिटार सोडून दिली त्यांच्याशी बोलून बघा. बोटं दुखायची, एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचा स्वरांचा गट) लागायचीच नाही, थोडं वाजवलं की मनगट भरून यायचं, हीच कारणं पुन्हा पुन्हा ऐकू येतात. आवाजात गोडवा कमी पडला म्हणून कुणी गिटार सोडल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. येता-जाता जी उचलावीशी वाटते त्याच गिटारवर सराव होतो, आणि वाजवणाऱ्याचा आवाज सरावातूनच सुधारतो. कपाटात जपून ठेवलेल्या भारी गिटारवर कॉर्ड बदलायचा वेग वाढत नाही.

मात्र ती सोपी *का* जाते, हे एकदा शोधून काढा. "हिची जादूच वेगळी" असं म्हणून थांबू नका. सोपेपणाची कारणं पट्टीने मोजता येतात, आणि ती कळली की ही गिटार सांभाळणंही सोपं जातं आणि पुढची निवडणंही.

'हाताला बसते' म्हणजे नेमकं काय? मोजायचं तरी काय काय?

पाच-सहा गोष्टी आहेत. मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी घ्या आणि एका बैठकीत सगळं मोजून कागदावर उतरवा.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अ‍ॅक्शन, म्हणजे तार फ्रेटच्या (नेकवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावर, बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) किती वर आहे ते. बाराव्या फ्रेटवर, तार न दाबता, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारवर जाड ई तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर आणि बारीक ई तारेखाली सुमारे १.६ मिलिमीटर असेल तर बहुतेक हातांना ती आरामाची वाटते. जाड तारेखाली ३ मिलिमीटरच्या पुढे गेलं की वरच्या फ्रेटवर बोटांना कष्ट पडतात. तुमची स्वस्त गिटार सोपी वाटते त्याचं उत्तर बऱ्याचदा इथेच मिळतं: कारखान्यातून ती योगायोगाने नीट लागून आलेली असते, किंवा आधीच्या मालकाने कुणाकडून तरी सेटअप, म्हणजे वाजवायला सोपी व्हावी म्हणून जुळवाजुळव, करून घेतलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे नट, डोक्याजवळची ती खाचा पाडलेली पांढरी पट्टी. खाचा उथळ असल्या की तारा तिथे उंच राहतात, आणि पहिल्या तीन फ्रेटमधल्या कॉर्ड, म्हणजे नवशिक्याला लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या, जड जातात. तपासायचं असं: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या वर उजेडात बघा. तिथे केसाएवढी फट दिसली पाहिजे. तार हलकेच टिचकावली तर फ्रेटला लागून बारीक टक्-टक् आवाज येतो. फट ठळक दिसत असेल तर नट उंच आहे. फटच नसेल तर खाच जास्त खोल गेली आहे आणि मोकळी तार खरखरणार. याहून सोपी परीक्षाही आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि त्याच कॉर्ड वाजवा. गिटार एकदम हलकी झाली तर दोष नटचा. फारसा फरक पडला नाही तर नट ठीक आहे.

तिसरी गोष्ट स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत वाजणाऱ्या तारेची लांबी. (गिटारच्या पोटावर चिकटवलेला लाकडी तुकडा म्हणजे ब्रिज, आणि त्यात बसवलेली, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी म्हणजे सॅडल.) नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करा. ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पोटाच्या गिटारींमध्ये ६४५ मिलिमीटर ही नेहमीची लांबी. आखूड स्केलच्या गिटारी ६२८ च्या आसपास असतात, आणि छोट्या प्रवासी गिटारी ६०० च्याही खाली जातात. १७ मिलिमीटरने काय होतं, असं वाटेल. पण तारेची जाडी आणि सूर तेच ठेवले तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ६४५ वरून ६२८ वर आलं की ताण सुमारे पाच टक्क्यांनी उतरतो. शिवाय पहिल्या चार फ्रेटचं मिळून अंतर जवळपास साडेतीन मिलिमीटरने कमी होतं. करंगळी ताणावी लागणाऱ्या कॉर्डमध्ये एवढं अंतर चांगलंच जाणवतं.

चौथी गोष्ट नटची रुंदी. बऱ्याच स्टील-तारांच्या गिटारींवर ती ४३ मिलिमीटर असते, काहींवर ४४.५, आणि नायलॉन तारांच्या क्लासिकलवर ५० ते ५२. लहान तळव्याला ४३ बरी पडते. जाड बोटांना तीच अडचणीची होते, कारण डी कॉर्ड धरताना बोट शेजारच्या तारेला टेकतं. इथे चांगलं-वाईट काही नाही, आपापल्या हाताचा प्रश्न आहे.

पाचवी गोष्ट नेकची मागची गोलाई. ती आकड्यात नीट पकडता येत नाही, पण अंगठ्याला लगेच कळते. काही नेक पातळ आणि चपटे असतात, काही अर्धगोल, काहींना मागे किंचित कणा असतो. मागचा लेप चकचकीत आणि चिकट असेल तर घामाने हात अडतो. माझ्या गिटारवर पहिल्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधोमध, मागच्या बाजूला, अंगठा टेकतो तेवढ्या जागेत चमक पूर्ण गेली आहे आणि लाकूड सायीसारखं मऊ लागतं. अंधारात हात फिरवला तरी कुठली जागा आहे ते कळतं. नवीन गिटारमध्ये हे मिळत नाही, ते वाजवून वाजवूनच येतं.

शेवटची गोष्ट बॉडीची खोली आणि रुंदी. पट्टी लावून मोजण्यापेक्षा बसून बघा: उजवा खांदा वर उचलला जातोय का, आणि काख गिटारच्या कडेवर दाबली जातेय का? ड्रेडनॉट हा मोठा आकार मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये ऑलिव्हर डिट्सन या विक्रेत्यासाठी पहिल्यांदा बनवला. मोठ्या पोटातून मोठा आवाज निघतो, हे त्याचं बलस्थान. घरातल्या खोलीत बसून वाजवणाऱ्या बारीक अंगाच्या माणसाला त्या मोठ्या पोटाची गरज असेलच असं नाही. म्हणून अनेकांना ड्रेडनॉटपेक्षा लहान, कमरेला जास्त खोलगट असलेली गिटार बिलगून बसल्यासारखी वाटते.

कुणाची तरी महागडी गिटार वाजवून पाहिली. आवाज फार सुंदर होता, पण हाताला जड गेली. दोष माझ्या हाताचा का?

नाही. तुलनाच बरोबरीची नव्हती. आधी तारा बघा. पहिली तार .०१० इंचाची असलेला संच आणि .०१३ वाला संच यांत बोटांना जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. नेहमीच्या .०१२ ते .०५३ च्या संचाचा गिटारवर पडणारा एकूण ताणच सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या घरात असतो. मग अ‍ॅक्शन बघा. कारखाने नव्या गिटारची अ‍ॅक्शन बऱ्याचदा थोडी उंच ठेवतात, कारण उंच अ‍ॅक्शन उतरवता येते, आणि दुकानात खरखरणारी गिटार कुणी घेत नाही. दोन्ही गिटारींवर एकाच जाडीच्या तारा आणि साधारण सारखी अ‍ॅक्शन असेल तेव्हाच तुलनेला अर्थ आहे. त्यानंतरही तुमचीच हलकी वाटली तर स्केल, नेक किंवा बॉडी तुमच्या बाजूने आहे असं समजा.

माझ्या गिटारचा टॉप प्लायचा आहे. म्हणजे ती खेळण्यातलीच झाली ना?

नाही हो. प्लायचा, म्हणजे लॅमिनेटचा टॉप (पोटाची पुढची, भोक असलेली फळी) पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेला असतो. तो अखंड लाकडाच्या टॉपइतका मोकळा थरथरत नाही, त्यामुळे आवाजाची खोली आणि सुरांचा टिकाव सहसा कमी असतो. हे खरं आहे आणि ते मान्य करावं. पण लॅमिनेट सहजासहजी तडकत नाही, ओल-कोरड्या हवेत फारसं फुगत-आकसत नाही, आणि म्हणूनच अ‍ॅक्शन वर्षभर बऱ्यापैकी एका जागी राहते. हाताला बसलेली गिटार तशीच बसलेली राहावी असं वाटत असेल तर हा गुण फार मोलाचा आहे.

बीटल्स या बँडच्या जॉन लेननची सुरुवातीची गिटार गॅलोटोन चॅम्पियन नावाची, दक्षिण आफ्रिकेत बनलेली स्वस्तातली होती. "ही गिटार फुटणार-तडकणार नाही" अशी हमी आतल्या लेबलवरच छापलेली होती. ६ जुलै १९५७ रोजी पॉल मॅकार्टनीशी पहिली भेट झाली त्या दिवशी लेनन तीच वाजवत होता. यामाहाने १९६६ मध्ये आणलेल्या एफजी मालिकेतली एफजी-१८० लॅमिनेट टॉपचीच, आणि त्या काळच्या त्या गिटारी आजही लोक शोधून शोधून घेतात.

पण मागचं लाकूड रोजवूडचं असलं की आवाजात फरक पडतो असं सगळेच म्हणतात.

सगळे म्हणतात खरं. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये याच प्रश्नावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा गिटारी मुद्दाम एकसारख्या बनवून घेतल्या होत्या. फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडात होता, त्यात दुर्मिळ ब्राझिलियन रोजवूडही होतं आणि स्वस्तातलं सपेलेही. ५२ गिटारवादकांनी मंद उजेडात, वेल्डिंगचे गॉगल लावून त्या वाजवल्या, म्हणजे कुठली कुठल्या लाकडाची हे दिसायला नको. त्यांनी दिलेले गुण सहाही गिटारींना जवळपास सारखेच होते.

यावरून लाकडाला अर्थच नाही असं म्हणू नका. टॉपचं लाकूड, त्याची जाडी आणि आतल्या पट्ट्यांची रचना यांनी आवाज नक्की बदलतो. पण पाठ रोजवूडची नाही म्हणून हाताला बसलेली गिटार विकायला काढायची, याला आधार नाही.

नावाजलेल्या कुणी स्वस्त गिटार वाजवली आहे का?

बऱ्याच जणांनी. अमेरिकन लोकगायक लेडबेलीची बारा तारांची गिटार स्टेला होती, आणि स्टेला हा त्या काळी साध्या माणसाच्या आवाक्यातला ब्रँड. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जिमी पेजने ज्या हार्मनी सॉव्हरिनवर अकूस्टिक काम केलं, ती हार्मनी शिकागोतली, ढिगाने परवडणाऱ्या गिटारी बनवणारी कंपनी. पण अशा नावांच्या आधारावर निर्णय घेऊ नका. तुमचा हात काय सांगतो ते पुरेसं आहे.

सेटअपचा खर्च गिटारच्या किमतीच्या मानाने बराच वाटतो. करून घ्यावा का?

गिटार आवडत असेल तर घ्यावा. किमतीशी तुलना करण्यापेक्षा ती पुढची किती वर्षं रोज हातात राहणार आहे ते बघा. नटच्या खाचा नीट करणं, सॅडल योग्य उंचीवर आणणं, ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक ठरवणारी सळई) लावणं, फ्रेटच्या बोचणाऱ्या कडा गोल करणं: एवढ्याने साधारण गिटारसुद्धा ओळखू न येण्याइतकी सुधारते. स्वस्त आणि महाग गिटारमधला वाजवताना जाणवणारा बराचसा फरक या हातकामाचा असतो. कारखान्यात त्यासाठी वेळ दिलेला नसतो, एवढंच.

एका कामाला मात्र आधीच नाही म्हणा: नेक रीसेट. तारांच्या ताणाने वर्षानुवर्षं नेकचा कोन बदलत गेला की तो उतरवून पुन्हा बसवावा लागतो. ते काम मोठं आहे आणि साध्या गिटारला परवडत नाही. गरज आहे का ते असं कळतं: लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजकडे सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या वरच्या कडेवर किंवा जवळपास आलं तर कोन ठीक आहे. ब्रिजच्या बरंच खाली जाऊन आपटत असेल तर कोन गेलेला आहे.

घरच्या घरी काय करता येईल?

तारा बदला, आणि बदलताना एक पायरी हलका संच लावून बघा. .०१२ वरून .०११ वर आलात तरी बोटं दुवा देतील. आवाज थोडा पातळ होईल, पण लॅमिनेट टॉपवर कधीकधी तो उलट जास्त साफ येतो.

अर्धा सूर खाली लावून बघा. सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवल्या की ताण सुमारे अकरा टक्क्यांनी कमी होतो. गाणं मूळ पट्टीत हवं असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. उंच नटचा त्रासही त्यातून टळतो. नवशिक्यांना मी हे नेहमी सुचवतो, कारण यात काहीही कापावं-घासावं लागत नाही.

सॅडल घासून अ‍ॅक्शन उतरवता येते, पण हिशेब नीट करा. बारावा फ्रेट तारेच्या मधोमध असतो, म्हणून तिथे अर्धा मिलिमीटर कमी हवा असेल तर सॅडलचा एक मिलिमीटर काढावा लागतो. नेहमी *खालची* बाजू घासा. वरची गोलाई आणि तिरक्या कडा सूर जुळण्यासाठी केलेल्या असतात. पेन्सिलने रेघ मारा, सपाट काचेवर सँडपेपर चिकटवा, सॅडल उभं धरून सरळ घासा, आणि रेघेच्या थोडं अलीकडेच थांबून एकदा बसवून बघा. घासलेलं परत येत नाही. ब्रिजच्या वर सॅडल निदान दोन-तीन मिलिमीटर उरलं पाहिजे, नाहीतर तारांचा सॅडलवरचा दाब कमी पडून आवाज मरतो. सॅडलखाली पिकअपची पट्टी असेल तर तळ अगदी सपाट हवा, नाहीतर काही तारा स्पीकरमधून दबक्या येतील.

नेकचा बाक बघायचा असेल तर जाड ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकदम दाबा, आणि सातव्या फ्रेटच्या आसपासची फट बघा. ०.१ ते ०.३ मिलिमीटर फट असावी. .०१० च्या पहिल्या तारेचा तुकडा ०.२५ मिलिमीटरचा असतो, तो घालून मोजता येतं. ट्रस रॉड फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको, आणि अडला तर जोर लावू नका. अ‍ॅक्शन कमी-जास्त करण्याचं हे हत्यार नाही. नेकचा बाक ठरवणं एवढंच त्याचं काम.

नट घासायला मात्र घरी बसू नका. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते आणि खाच एका जास्तीच्या घासात बिघडते.

बोटं दुखतात त्याचं काय?

सुरुवातीला टोकं हुळहुळतात. घट्टे पडेपर्यंत थोडा थोडा वेळ, पण रोज वाजवा. मनगटात कळ येणं, हाताला मुंग्या येणं किंवा बधिरपणा ही वेगळी गोष्ट आहे. वाजवणं थांबवा, आणि थांबून बरं वाटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. गिटार कितीही सोपी असली तरी अंगठ्याने नेक आवळून धरायची सवय असेल तर हात दुखणारच. अंगठा सैल सोडून, कोपराच्या वजनाने तार दाबून बघा. स्वच्छ सूर येण्याइतपतच दाबा, फ्रेटच्या अगदी मागे, आणि त्याहून जास्त जोर लावायचा नाही.

सोपी गिटार वाजवून हात आळशी होईल, कठीण गिटारवर शिकलं की कुठलीही वाजवता येते, असं ऐकलं आहे.

हे मला अजिबात पटत नाही. उंच अ‍ॅक्शनवर शिकणाऱ्याला जास्त दाबायची सवय लागते, आणि ती मोडायला पुढे फार वेळ जातो. जोराने दाबलेली तार ताणली जाऊन सूर चढतो, म्हणजे कानालाही चुकीची सवय. गिटारला मनगटाचं बळ लागतं त्याहून नेमकेपणा जास्त लागतो, आणि हात न अवघडता केलेल्या सरावातूनच तो येतो. एका गिटारवर कॉर्ड स्वच्छ पडू लागल्या की दुसऱ्या, जराशा जड गिटारवर हात थोड्याच वेळात रुळतो.

अ‍ॅक्शन उतरवल्यावर तार खरखरते.

कुठे खरखरते ते आधी बघा. मोकळ्या तारेवरच येत असेल तर नट. पहिल्या पाच-सहा फ्रेटवर येत असेल तर नेक बहुधा जास्त सरळ किंवा उलटा वाकलाय. वरच्या फ्रेटवर येत असेल तर सॅडल फार खाली गेलंय. एकाच फ्रेटवर येत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला आहे. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याला थोडी उंच अ‍ॅक्शन लागतेच, आणि बोटांनी हलकं वाजवणाऱ्याला खाली चालते. दोघांची आदर्श गिटार एक असू शकत नाही.

ट्यूनिंग टिकत नाही. खुंट्या बदलू का?

बदलायच्या आधी नट बघा. तार सुरात लावताना टिंग असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार नटच्या खाचेत अडकतेय. तार बाजूला काढून खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. नव्या तारा लावल्यावर बोटाने हळूहळू ताणून बसवा, आणि खुंटीवर दोन-तीन वेढे नीट, एकाखाली एक घाला. एवढं करूनही खुंटी हाताला ढिली, गचके खाणारी लागत असेल तर नवा संच बसवा. स्क्रूची भोकं जुळतात ना, ते घेण्याआधी मोजा.

आवाज खरंच पत्र्यासारखा येतो. काही होईल का?

थोडं होईल. नव्या फॉस्फर ब्राँझ तारा लावा, कारण जुन्या तारांचा दोष बऱ्याचदा गिटारवर ढकलला जातो. पिक जरा जाड आणि गोल टोकाचं घ्या. सॅडल पोकळ प्लास्टिकचं असेल तर हाडाचं, खाचेत घट्ट बसेल असं करून घ्या. वाजवण्याची जागाही बदला: ब्रिजजवळ वाजवलं की आवाज टणटणीत होतो, साउंडहोलच्या वर नेककडे सरकलं की मऊ. याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. लॅमिनेट टॉप सॅडल बदलून अखंड स्प्रूससारखा गाणार नाही.

आणखी एक गोष्ट. गिटारचा आवाज मुख्यतः समोरच्या दिशेने जातो, वाजवणारा मागे असतो. कुणाला तरी तुमची गिटार वाजवायला सांगा आणि स्वतः समोर बसून ऐका. ती तुम्हाला वाटते त्याहून चांगली आहे असं बऱ्याच वेळा निघतं.

रेकॉर्डिंगला चालेल का?

चालेल. जास्त खर्जाच्या मोठ्या गिटारपेक्षा साध्या, मध्यम आवाजाच्या गिटारला गाण्यात आणि इतर वाद्यांत बसवणं कित्येकदा सोपं जातं. फक्त सूर जुळतोय का तपासा: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर सारखे आले पाहिजेत.

कधी समजायचं की आता ही सोडायला हवी?

नेक पिळलेला असेल, म्हणजे डोक्याकडून बघताना एक बाजू वर आणि एक खाली दिसत असेल, तर. फ्रेटच चुकीच्या जागी बसवलेले असतील, आणि त्यामुळे नव्या तारा व ठीक नट-सॅडल असूनही कॉर्ड एका जागी सुरात, दुसरीकडे बेसूर लागत असेल, तर. नेकचा कोन गेला असेल आणि सॅडल घासायला उरलंच नसेल, तर. मागून ब्रिज उचलला जात असेल तर तो पुन्हा चिकटवता येतो, पण लगेच दाखवा आणि तोवर तारा सैल करून ठेवा.

बेसूर गिटार कितीही हलकी असली तरी जवळ ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. कानावर रोज होणारा परिणाम हाताच्या सोयीहून मोठा असतो. बाकी ओरखडे, टॉपवरचा पिकचा घासलेला भाग, उडालेला रंग, यांना कारण मानू नका.

दुसरी, चांगली गिटार घ्यायची आहे. कशी निवडू?

सुरुवातीला लिहून ठेवलेला कागद सोबत न्या. स्केल, नटची रुंदी आणि बॉडीचा आकार हे तीन आकडे नंतर बदलता येत नाहीत, म्हणून ते जुन्या गिटारच्या जवळचे असलेल्याच गिटारी वाजवून बघा. अ‍ॅक्शन आणि तारा नंतर बदलता येतात, त्यामुळे दुकानातल्या जड अ‍ॅक्शनवरून चांगली गिटार नाकारू नका. बसून वाजवा, निवांत वाजवा, तुमची रोजचीच गाणी वाजवा. डोळे मिटून वाजवलीत तर हेडवरचं नाव मध्ये येणार नाही.

मग जुनी विकून टाकू?

मी तर विकणार नाही. स्वस्त गिटार विकून हातात फारसं काही येत नाही, आणि गेल्यावर तिची जागा दुसरी घेईलच असं नाही. जुनी कव्हरबाहेर, स्टँडवर, हाताशी ठेवा. नवीन अखंड लाकडाची असेल तर तिला ओल-कोरडेपणापासून जपावं लागेल. जुनी मात्र चटकन उचलून दहा मिनिटं वाजवता येते, प्रवासाला नेता येते, पाहुण्याच्या हातात निश्चिंतपणे देता येते. वेगळ्या ट्यूनिंगला लावून ठेवायलाही ती उत्तम.

हवेची काळजी स्वस्त गिटारला पण घ्यायची का?

घ्यायची, फक्त धास्ती नको. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता गिटारला मानवते. हवा फार दमट झाली की टॉप फुगतो आणि अ‍ॅक्शन वाढते. फार कोरडी झाली की टॉप बसतो, तार खरखरू लागते आणि फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं कडेला बोचू लागतात. टॉप लॅमिनेटचा असला तरी नेक आणि फिंगरबोर्ड सहसा अखंड लाकडाचेच असतात, ते हवेप्रमाणे हलतात. गिटार अचानक जड वाटू लागली तर आधी गेल्या काही दिवसांतली हवा आठवा, मग पाना हातात घ्या. बंद गाडीत उन्हात तर कुठलीही गिटार ठेवू नका. गोंद मऊ पडतो आणि ब्रिज सुटतो.

वाजवून झाल्यावर तारा सैल करायच्या का?

रोज नाही. गिटार सुरात लावलेल्या तारांचा ताण सोसण्यासाठीच बनवलेली असते, आणि रोज सैल-घट्ट केल्याने तारा लवकर तुटतात. काही महिने हात लागणार नसेल तर एक-दोन सूर उतरवून ठेवा. रोजच्या रोज करायचं काम एकच: वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसून घ्या.